तिसरा अंतरा

अण्णांची पेटी १९८६ साली दोनदा मिरजेला गेली. एकदा सूर चढवून आणायला आणि दोन महिन्यांनी तेच सूर उतरवून आणायला.

मी तेव्हा सातवीत होते. सांगलीहून एसटीने निघालो, जुन्या चादरीत बांधलेली पेटी अण्णांच्या मांडीवर. ज्या कारागिरांकडे नेली त्यांनी भाता ओढून एकेक सूर ऐकला आणि म्हणाले, "मास्तर, पेटी बरोबर आहे. हिला कशाला त्रास देताय?" अण्णा शाळेत गणित शिकवायचे. ते म्हणाले, "रेडिओशी जुळते, टीव्हीशी जुळत नाही. टीव्हीतलं गाणं ना काळी एकला बसत, ना पांढरी दोनला. मधेच कुठेतरी आहे." त्या बुजुर्गांना ते पटलं नाही, पण त्यांनी कानस हातात घेतली. पितळी पट्टीचं टोक घासलं की सूर चढतो आणि बुडाशी घासलं की उतरतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मधल्या सप्तकातले सूर जरासे चढवून ते थांबले. "याहून घासलं तर पट्टी जाईल," म्हणाले.

पेटी घरी आली ती आता रेडिओशीही जुळेना आणि टीव्हीशीही जुळेना. दिवाळीपर्यंत अण्णांनी वाट पाहिली आणि पुन्हा एसटी धरली.

हा सगळा खटाटोप एका गाण्यासाठी होता. गाणं कोणतं ते मी इथे लिहीत नाही. ते अण्णांचं आणि आईचं आहे. लग्न झाल्यावर दोघांनी पाहिलेल्या पहिल्या हिंदी चित्रपटातलं. तबकडीवर त्याचे दोनच अंतरे आहेत, कारण जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. पडद्यावर मात्र तिसरा अंतरा होता आणि त्याची चाल पहिल्या दोघांपेक्षा वेगळी, वर जाऊन वळणारी. रेडिओ तबकडीच वाजवणार, म्हणजे रेडिओवर तिसरा अंतरा कधीच नाही. तो ऐकायला मिळणार फक्त चित्रपट लागला तर. आणि दूरदर्शनवर रविवारच्या संध्याकाळी तो एकदा लागला, पुढे वर्षभरात आणखी एकदा. अण्णा स्वरलिपी शिकलेले नाहीत. त्यांचं सगळं शिकणं बोटांतून, गाण्याच्या बरोबरीने वाजवत. चाळीस सेकंदांचा तो अंतरा टीव्हीत सुरू झाला की ते पेटीवर हात ठेवत आणि हात तसेच राहत, कारण त्या सुराची पट्टीच पेटीत नव्हती.

पुढे व्हीसीडी आली. चित्रपट मिळाला, पण दोन चकत्यांत बसवायच्या नादात गाण्याचा शेवट कापलेला होता. डीव्हीडीवरही तेच. अण्णांनी तेव्हापासून विषय काढला नाही.

अण्णांचं कानावरचं म्हणणं शब्दशः खरं होतं, हे मला कळायला सदतीस वर्षं लागली.

२०२३ च्या पावसाळ्यात मी ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या चकत्या लावायचा प्लेअर घेतला. ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाने विचारलं, आता कशाला? सगळं फोनवर आहे. मला एका जुन्या चकत्या विकणाऱ्यांकडे त्या चित्रपटाची ब्लू-रे मिळाली होती आणि ती पूर्ण लांबीची आहे असं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं, एवढंच माझं कारण. प्लेअर जोडला, सेटिंगच्या पानावर आले आणि एका ओळीवर अडले: "२४ पी आउटपुट". चालू की बंद, असा प्रश्न. मला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून वाचायला बसले.

बोलपट आले तेव्हापासून चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दूरदर्शनने घेतलेली टीव्ही प्रक्षेपणाची पाल (PAL) पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. चोवीसचं पंचवीसमध्ये बसवायचं कसं? पालच्या देशांत यावर सरळ साधा उपाय होता: फिल्म थोडी वेगाने पळवायची. चोवीस चौकटी जिथे एका सेकंदात जायच्या तिथे पंचवीस घालवायच्या. चार टक्क्यांचा फरक. डोळ्यांना तो कळत नाही. अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो, एवढंच. पण ध्वनीही त्याच फिल्मवर असतो, तोही चार टक्क्यांनी पळतो आणि पळाला की चढतो. किती चढतो? एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले, तर सत्तर भाग. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या वाटेला लागतं आणि पोहोचायच्या आधीच थांबतं. मधेच कुठेतरी.

मी रात्री साडेदहाला सांगलीला फोन लावला. आईने घाबरून उचलला, एवढ्या उशिरा काय झालं म्हणून. अण्णांना सगळं सांगितलं. गणित त्यांना माझ्या आधी कळलं; मी चार टक्के म्हणेपर्यंत ते "पंचवीस भागिले चोवीस" असं पुटपुटत होते. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे पेटी बरोबर होती," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मिरजेच्या त्या गृहस्थांना कळवायला हवं होतं गं."

ते गृहस्थ कधीच गेले.

त्या रात्रीनंतर मला या चकतीत खरोखर रस वाटायला लागला. हातात धरली तर सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे सारख्याच दिसतात: बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची, मधे भोक. तबकडीवरची सुई कडेकडून मध्याकडे जाते. इथे उलट, वाचन मध्यापासून सुरू होऊन कडेकडे सरकतं. मुख्य फरक वाचणाऱ्या प्रकाशाचा आहे. सीडीसाठी अवरक्त लेसर, तरंगलांबी ७८० नॅनोमीटर. डीव्हीडीसाठी लाल, ६५०. ब्लू-रेसाठी निळा-जांभळा, ४०५. जाड बोरूने लिहिलं तर एका पानावर दहा ओळी मावतील आणि बारीक टाकाने तीस, तसं हे आहे. तरंगलांबी जितकी कमी तितका प्रकाशाचा ठिपका लहान करता येतो आणि ठिपका लहान झाला की ओळी जवळ आणता येतात. सीडीवर दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट आणि ब्लू-रेच्या एका थरात २५.

एवढं सोपं होतं तर निळा प्रकाश आधीच का नाही वापरला? कारण तो कुणाला जमत नव्हता. लाल आणि हिरवा प्रकाश देणारे डायोड दशकांपूर्वीच झाले होते, पण निळ्यासाठी गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक लागत आणि ते वाढवता येत नव्हते. मोठमोठ्या प्रयोगशाळांनी नाद सोडला. जपानात इसामू आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो नागोया विद्यापीठात त्याच पदार्थाला चिकटून राहिले आणि शुजी नाकामुरा निचिया नावाच्या एका लहान रसायन कंपनीत. १९९० च्या दशकात निळा डायोड उजळला आणि त्याच पदार्थातून पुढे निळा-जांभळा लेसर आला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं ते निळ्या एलईडीसाठी, म्हणजे आपल्या घरातल्या पांढऱ्या दिव्यासाठी. पण तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत जाणारी वाटही तिथूनच निघाली आहे, असं मला वाटतं आणि प्लेअरचा ट्रे आत सरकला की दर वेळी वाटतं.

त्या २५ गिगाबाइटचा उपयोग काय, हे मी अण्णांना त्यांच्या भाषेत सांगितलं. व्हीसीडीवर चित्राला सेकंदाला साधारण सव्वा मेगाबिटही मिळत नसे. डीव्हीडीवर जास्तीत जास्त ९.८. ब्लू-रेवर ४० पर्यंत. म्हणजे चाळीस सेकंदांच्या त्या अंतऱ्याच्या चित्रासाठी व्हीसीडीत सहा मेगाबाइटसुद्धा जागा नव्हती आणि ब्लू-रेत दोनशे मेगाबाइटपर्यंत आहे. ठिपक्यांचा हिशेब वेगळा: पालच्या डीव्हीडीवर एका चित्रात सुमारे चार लाख ठिपके, ब्लू-रेवर वीस लाखांच्या वर, २०१६ साली आलेल्या अल्ट्रा एचडी चकतीवर ऐंशी लाखांच्या वर. आकडा मोठा म्हणजे चित्र चांगलं, असं मात्र नाही. मूळ फिल्म चांगली जपलेली असेल, कुणी ती काळजीने स्कॅन केली असेल, तरच त्या जागेचं सोनं होतं. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळली. क्रायटेरियन ही चित्रपटांच्या चकत्या काढणारी अमेरिकन कंपनी आणि इटलीत बोलोन्यातली लिमाजिने रित्रोवाता ही संस्था यांनी त्या करपलेल्या पट्ट्या ओल्या करून, भोकं सांधून, चौकट चौकट सोडवली आणि जिथे निगेटिव्ह उरलीच नव्हती तिथे इतर प्रती जोडल्या. २०१५ मध्ये ते काम लोकांसमोर आलं. असं काम पाहायचं तर चकतीवरच पाहावं.

आणि पाहताना चित्रात हलणारी बारीक रवाळ चुळबुळ दिसली तर ती घाण नाही. ते फिल्मचं अंग आहे. काही कंपन्या जुने चित्रपट "स्वच्छ" करताना तो रवा पुसून टाकतात आणि चेहरे मेणाचे होतात. नटीच्या कपाळावरची बट आणि गालावरचा तीळ त्या पुसण्यात जातो. मला या प्रकाराचा मनापासून राग आहे.

भाच्याने न्यू जर्सीहून येताना माझ्यासाठी दोन ब्लू-रे आणल्या होत्या. त्यातली एक लागली, दुसरी लागेना. पडद्यावर फक्त सूचना: या प्लेअरमध्ये चालणार नाही. चकतीत बिघाड नव्हता. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत: अमेरिका, जपान वगैरे अ, युरोप आणि ऑस्ट्रेलिया ब, आणि भारत, चीन, रशिया क. काही चकत्यांवर विभागाचं कुलूप असतं, काहींवर नसतं. भाच्याने पैसे मोजून घेतलेली, माझ्या मावशीप्रेमापोटी समुद्र ओलांडून आणलेली वस्तू माझ्या घरात चालत नाही, याला मी काय म्हणू? अल्ट्रा एचडी चकत्यांवर हे कुलूप काढून टाकलं, ते चांगलं केलं. परदेशातून साधी ब्लू-रे मागवणाऱ्यांनी वेष्टणामागचं ते षटकोनी चिन्ह आधी पाहावं.

प्लेअरइतकाच वेळ माझा टीव्हीवर गेला आणि हे मी जरा सविस्तर लिहिते, कारण घराघरांत लोक महागडा टीव्ही घेतात आणि तो दुकानात होता तसाच लावून बसतात. दुकानात झगझगीत दिव्यांखाली नजर खेचण्यासाठी केलेला तो रंग असतो, निळसर आणि भडक. मेनूत "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" नावाचा पर्याय असतो, तो निवडावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल. तिसऱ्या दिवशी माणसांची कातडी माणसांसारखी दिसू लागेल. शार्पनेस खाली आणावा. त्याने तपशील वाढत नाही, कडांना फक्त पांढरी किनार लागते. बऱ्याच टीव्हींत चित्र थोडं मोठं करून चारी बाजूंनी कापायची जुनी खोड अजून चालू असते. चित्राच्या मापाच्या पर्यायांत "जस्ट स्कॅन" किंवा तसं काही सापडेल, त्याने चकतीवरचा ठिपका पडद्यावरच्या ठिपक्यावर बरोबर येऊन बसतो.

आणि ते मोशनचं गुळगुळीतपण. टीव्ही दोन चौकटींच्या मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवतो आणि चित्रपट मालिकेसारखा सुळसुळीत दिसायला लागतो. ते बंदच करावं. पण बंद केल्यावर दुसरा प्रश्न येतो आणि इथे "२४ पी"च्या त्या ओळीचा अर्थ मला नीट लागला. ज्या टीव्हीचा पडदा सेकंदाला साठदा ताजा होतो, त्यावर चोवीस चौकटी समान वाटता येत नाहीत. एक चौकट तीनदा दाखवावी लागते, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा. कॅमेरा संथपणे सरकत असेल तेव्हा चित्र बारीक ठेचकाळतं. अण्णा ऐकून म्हणाले, "म्हणजे तबलजीने एक मात्रा लांबवायची आणि एक आखडायची." अगदी तसंच. १२० वेळा ताजा होणारा पडदा असेल तर प्रत्येक चौकटीच्या वाट्याला बरोबर पाच वेळा येतात आणि लय बसते. माझा टीव्ही तसा निघाला. २४ पी चालू केलं.

आवाजाबद्दल थोडंच सांगते. नव्या चित्रपटांच्या चकत्यांवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असतं, स्टुडिओतला आवाज काहीही न गमावता भरलेला. तो प्लेअरपासून अँप्लिफायरपर्यंत जाण्यासाठी एचडीएमआय केबल लागते. जुन्या ऑप्टिकल वायरीतून तो जात नाही. पण आमचा चित्रपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचा होता. त्यासाठी घरभर पाच स्पीकर लावायची गरज नव्हती. टीव्हीच्या पाठीमागे भिंतीकडे तोंड करून असलेल्या स्पीकरमधून पेटीच्या माणसाने काय ऐकायचं? मी दोन साधे, जरा वजनदार स्पीकर घेतले आणि ते अण्णा बसणार त्या खुर्चीच्या कानाच्या उंचीला ठेवले.

हे सगळं करताना सतत जाणवत होतं की मी एका मावळत्या वाटेवर खरेदी करते आहे. तोशिबाने २००८ च्या फेब्रुवारीत ब्लू-रेशी स्पर्धा करणारी आपली एचडी डीव्हीडी सोडून दिली आणि ब्लू-रे जिंकली, तेव्हा वाटलं असेल की आता हेच पुढची पन्नास वर्षं. दहाच वर्षांत, २०१८ साली, ओप्पोने आपले नावाजलेले प्लेअर बनवणं थांबवलं. सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत घरी नोंद करायच्या कोऱ्या ब्लू-रे चकत्यांचं उत्पादन बंद केलं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांच्या तबकड्या-चकत्यांचं दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं. कॉलेजात असताना तिथे मी तासन्‌तास उभी राहून कव्हरं वाचलेली आहेत. ऑनलाइन पाहण्याला माझा विरोध नाही, मीही पाहते. पण तिथला चित्रपट उद्या असेलच असं नाही आणि असला तरी गाणं पूर्ण असेलच असं नाही. कापलेला अंतरा आम्ही एकदा सोसला आहे.

गेल्या वर्षी आई-अण्णा पुण्याला आले. अण्णा आता ऐंशीचे. पेटी त्यांनी बरोबर आणली होती, त्याच चादरीत नाही पण तशाच. आई म्हणाली, गाडीत सामानाला जागा नव्हती तरी ही आली.

संध्याकाळी पडदे ओढले. चकती बोटांनी कडेला धरून फडक्याने पुसली, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नये, कारण ओळीच्या दिशेने गेलेला ओरखडा वाचताना जास्त अडवतो. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र आलं. अण्णांनी "थांब" म्हणून हात वर केला. मी पॉझ केलं. लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते: चार हजार दोनशे तीस. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साडेसत्तावीस मीटरच्या जरा आत चालते, हे मी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला. १५४ मिनिटं. प्लेअरवर एकूण वेळ पाहिली: दोन तास चौतीस मिनिटं. अण्णांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या, फळ्यावर मारायचे तशा.

चित्रपट आम्ही पूर्ण पाहिला. गाणं येईपर्यंत कुणी पेटीचं नाव काढलं नाही. ते सुरू झालं तशी आईने शेंगा सोलायचं थांबवलं. अण्णांनी काळी एक दाबली, अगदी हलकी, भाता अर्धवट उघडून. सूर स्पीकरमधल्या सुरात विरघळला, वेगळा ऐकूच येईना. पहिला अंतरा त्यांनी फक्त सा धरून काढला. दुसऱ्यात बोटं चालली. तिसरा आला. वर जाणाऱ्या जागेवर ते चुकले, पुन्हा पकडलं, वळणावर पुन्हा सुटलं आणि गाणं संपलं.

आई म्हणाली, "त्या जागी तुम्ही नेहमी घाई करता."

"मागे घे," अण्णा मला म्हणाले. "अंतऱ्यापासून."